नोरीनची शीळ

आमच्या गावात माणसं दोनच जातीची, इथली आणि बाहेरची. गावच्या दवाखान्यात पहिलं ट्यँहां केलंत तर इथले. नाहीतर जन्मभर इथल्या तांबड्या धुळीत लोळलात तरी बाहेरचेच. नोरीन पास्को लग्न करून अ‍ॅडलेडहून आली, इथेच तिचे केस पिकले, इथेच नातवंडं झाली. तरी परवा पोस्टातली कालची पोर मला विचारते, "ती बाहेरची नोरीन बरी आहे ना?" अस्सा राग आला मला!

तिचा नवरा क्लॅरी म्हणजे इथल्यांतला इथला. गावाबाहेर वाळवंटात लेडी ऑगस्टा नावाची जुनी खाण आहे. तिच्यातली चांदी आमच्या आज्यांच्या काळातच संपली, आता नुसते प्रवासी येतात. मी वर तिकिटं फाडते, क्लॅरी त्यांना खाली नेतो. आधी त्या बोडक्या टेकडीवर उभा राहून छाती फुगवून सांगणार, "मंडळी, मी ह्याच मातीत जन्मलो!" वाटाड्या इथलाच हवा, हा खाणीच्या समितीचा नियम. म्हणून तर डगचं काम हुकलं. डग गावात आला तेव्हा आईच्या कडेवर होता, पण बाहेरचा तो बाहेरचा. तेव्हापासून तो समितीत ठाण मांडून क्लॅरीच्या चुका शोधतोय.

आणि गंमत अशी, की क्लॅरी इथला नाहीच! त्याची आई माहेरून आगगाडीने परत येत होती आणि ह्या पठ्ठ्याला दम निघाला नाही. राज्याच्या हद्दीपलीकडे, कुठल्याशा स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या टेबलावर जन्मला. सासूने मरताना हे नोरीनच्या कानात सांगितलं. क्लॅरीला स्वतःला ते ठाऊक आहे, पण नोरीनलाही कळलंय ह्याचा त्याला पत्ता नव्हता. नोरीनने मला सांगितलं ते बटाटे सोलताना. क्लॅरी नुकताच तिला म्हणून गेला होता, "तुला काय कळणार खाणीतलं, तू बाहेरची."

"मग सांग ना त्याच्या तोंडावर!" मी उसळले.

"आणि काम गेलं की दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसवून घेऊ?"

असं म्हणाली खरी. पण तो टेकडीवर छाती फुगवतो ना, तेव्हा ही खाणीवरच्या स्वयंपाकघरातलं काम टाकून दारात येऊन ऐकते. मी पाहिलंय.

गेल्या गुरुवारी अ‍ॅडलेडची बस आली आणि तिच्यातून काठी टेकत उतरली विनी. क्लॅरीची थोरली मावसबहीण. अंगाने वाळली होती, जीभ मात्र ताजी होती. त्या आगगाडीत लहानपणी हीच मावशीबरोबर होती! तिला पाहून क्लॅरीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यात नेमका डगही पाहणीला आलेला. त्या दिवशी क्लॅरीने मातीबितीचं काही काढलं नाही, घसा बसलाय म्हणाला.

खाली पोचल्यावर सगळ्यांना चहा आणि पॅस्टी द्यायची आमची रीत आहे. पॅस्टी म्हणजे मटण-बटाटा भरलेली आमची मोठी करंजी. नोरीन करते, आम्ही दोघी टोपल्या घेऊन मागून उतरतो. क्लॅरीने नेहमीप्रमाणे आपल्या पॅस्टीचा जाड कोपरा मोडून अंधारात टाकला. तो खालच्यांचा वाटा. खालचे म्हणजे खाणीतली बुटकी भुतं, त्यांना खूश ठेवावं लागतं. आणि खाणीत शीळ घालायची नाही. शीळ वाजली की छत खाली येतं, म्हणून लगेच सगळ्यांनी वर पळायचं. ह्या दोन गोष्टी इथलं शेंबडं पोरही जाणतं.

"क्लॅरी, बाळा," विनीला कंठ फुटला, "तू झालास तेव्हा मी तिथेच होते हो. काय ओरडत होती मावशी!"

डगने कान टवकारले. "कुठे? दवाखान्यात का?"

"दवाखाना कसला डोंबलाचा! आम्ही तर..."

आणि शीळ वाजली. लांबलचक, कुत्र्याला बोलावतात तशी.

नोरीन! तोंडाचा चंबू तसाच.

"शीळ! पळा!" डग ओरडला आणि दुखरा गुडघा विसरून सर्वांत आधी पायऱ्यांवर. वरून त्याचा आवाज आला, "बाहेरची ती बाहेरचीच!"

"अय्या, विसरलेच बाई," नोरीन म्हणाली. "बाहेरची ना मी."

क्लॅरी तिच्याकडे बघतच राहिला. तिला ठाऊक आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

वर आल्यावर विनी बस सुटेपर्यंत नोरीनलाच झापत होती. "म्हातारीचा जीव घेशील!" त्या नादात मूळ गोष्ट विसरली, देवाची कृपा. बस गेली तसा डग स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ह्या बाहेरच्या बाईला पुन्हा खाली पाठवायचं नाही!"

"बाहेरची कुणाला म्हणतोस रे?" क्लॅरी गरजला. घसा एकदम सुटला होता. "पुन्हा म्हणालास तर त्या खड्ड्यात ढकलीन तुला!"

डग लंगडत निघून गेला. मी भांडी घासायचं सोंग करत उभी राहिले, जाते कशाला! क्लॅरीने उरलेली एक पॅस्टी घेतली, कोपरा मोडला आणि नोरीनच्या बशीत ठेवला.

"हे काय? हा खालच्यांचा ना?"

"इथल्यांचा आहे," तो म्हणाला. "खा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. नोरीनने कोपरा चावला.

"मीठ जास्त झालंय," म्हणाली आणि सगळा खाल्ला.