तिरपी आलेली एकच ओळ

भूतबीत, शकुन-अपशकुन... माझा असल्या कशावर कधी विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. पण घडलं ते घडलं.

९६-९७ची गोष्ट. कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून एका गाळ्यात डीटीपी सेंटर होतं. तिथे मी ऑपरेटर होते. कांबळे नावाचे एक रिटायर्ड हेडक्लार्क, मूळचे मराठवाड्यातले, त्यांचं आत्मचरित्र मी टाइप केलं. एकशे ऐंशी पानं! त्यांची आई जिथे जिथे बोलते, ते सगळं त्यांना वेगळं हवं होतं — तिरपं, थोडं लहान, समासापासून आत. त्यासाठी मी खास स्टाइल, म्हणजे मांडणीचा तयार साचा, बनवली. नाव दिलं 'आई'.

मग छापखान्याने फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये मागितली. आमचे सर, म्हणजे सेंटरचे मालक, कांबळेंना बोलून मोकळे, "टेन्शन नको साहेब, जसंच्या तसं येईल." येणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. ऐकतंय कोण! दुपारी फाइल कन्व्हर्ट केली आणि व्हायचं तेच झालं. मथळे, टिपा, आईचं बोलणं... सगळं सपाट. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

फक्त पान एक्केचाळीसवर एक ओळ तिरपी, लहान, आत सरकलेली. कर्सर नेला तर स्टाइलचं नाव — 'आई'.

आणि ती ओळ आईची नव्हतीच! शाळेच्या पहिल्या दिवशी छोटे कांबळे मास्तरांना ठणकावतात, "आत बसणार, दारात नाही." ती ओळ. जुनी फाइल उघडून पाहिली, तिथे ती साधीच होती. पुन्हा कन्व्हर्ट केली. दुसऱ्या मशीनवर केली. दरवेळी तीच ओळ, तशीच. शेवटी रात्री उशिरापर्यंत बसून बाकीचं सगळं पुन्हा हाताने लावलं, ती ओळ तेवढी आली तशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांबळे प्रूफ बघायला आले. सोबत थोरली बहीण, गंगूअक्का. ते पान बघितलं आणि कांबळे भडकलेच.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार? आपोआप आलंय."

"खोटं बोलू नका!"

माझं डोकंच फिरलं. मी खोटारडी?

"कंची वळ रं? वाच की," अक्का म्हणाल्या. ते वाचेनात, म्हणून मीच मोठ्याने वाचली.

"मंग बराबर हाय की! आयच म्हनली व्हती ते मास्तरला. तू तिच्या लुगड्याआड रडत व्हतास. मी व्हते की तितं."

"अक्का, तू गप बस." कांबळे लालबुंद. मग माझ्याकडे न बघता, "साधं करा ते."

"पण साहेब, अक्का म्हणतायत—"

"पुस्तक माझं आहे!"

"वंदना, कर ना यार," मागून सर. "कशाला वाद घालते?"

अक्का उठल्या आणि भावासाठी न थांबता निघून गेल्या. मी ती ओळ सिलेक्ट केली. साधी केली. पुस्तक तसंच छापून आलं.

नंतर कितीतरी जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं फाइल करप्ट असेल, कुणी म्हणालं व्हायरस. मग एवढ्या पानांत नेमकी तीच ओळ का? कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही... पण ती ओळ साधी केली ती माझ्या हातांनी. ते का केलं, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे — नोकरी जाईल म्हणून.