तळहातावरचा व्रण
तिळाच्या तेलावर लसूण परतल्याचा वास आला की मला वाशीममधली एक दुपार आठवते. पुण्यात एका कोरियन कुटुंबाकडे स्वयंपाकाला राहिलेली एक बाई गावी परतून घरातच तसलं जेवण विकत होती. बैठकीच्या भिंतीभर कोरियन गायकांचे फोटो होते, त्यामुळे कॉलेजच्या पोरींची तिथं गर्दी असायची. माझी धाकटी बहीण शिकवणी बुडवून आमच्या अनसिंग गावाहून तिथं जाते, असं कुणीतरी सांगितलं आणि मी तणतणत गेलो. ती मैत्रिणींसोबत गुणगुणत लाल रस्सा आणि भात खात होती. "इथं काहून आली? घरी चाल," म्हणत मी तिची वेणी धरून ओढली आणि दोन थोबाडीत दिल्या. तिचा ओठ फुटला, लाल रस्सा भिंतीवर उडाला. "भाऊ, माह्या घरात पोरीवर हात नाही टाकाचा," बाई मधे पडली. मी तिलाही ढकललं आणि पुन्हा बहिणीवर हात उगारला. तेव्हा बहिणीने हातातली जेवायची स्टीलची चॉपस्टिक माझ्या तळहातात खुपसली. रक्त टेबलावर सांडलं. "तू जाय आता," ती हळूच म्हणाली, "आईले सांग, जेवून येईन मी." बाईनेच माझ्या हाताला ओढणी बांधली. घरी मी थ्रेशरमध्ये हात गेला म्हणालो, आणि बहिणीने पाय घसरून पडल्याचं सांगितलं. परवा माझ्या लहान मुलीने माझा हात धरून तो व्रण कशाचा म्हणून विचारलं. मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. तिने आपला हात काढून घेतला.