व्रत मोडू नये म्हणून

लोणखेड्यात भिकुबाईंच्या सोवळ्याचा धाक देवालाही असावा. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू कुणी दळावेत, बाजूला बसलेल्या बाईनं लोणच्याच्या बरणीपासून किती लांब राहावं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गल्लीतल्या बायका कार्याची तारीख ठरली की आधी त्यांच्याकडे येत, कारण पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची पाकिटं त्यांच्या कपाटात कायम असत. डॉक्टरची चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. "डोकं दुखाले लागनं तं चहा पी ले," एवढाच सल्ला.

सून शीलाच्या लग्नाला चार वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. भिकुबाई काही दुष्ट सासू नव्हत्या. त्यांनी सुनेवर कधी हात उगारला नाही, पण व्रतं मात्र हात धुऊन मागं लावली. सोळा सोमवार संपले की सोळा शुक्रवार, मग चातुर्मास, तो संपला की पुन्हा सोमवार. इतर बायका अडचणीचा सोमवार सोडून पुढचा धरत. भिकुबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. खाडा झाला की फळ गेलं! म्हणून रोज गोळी. शीलाचे पाय सुजत, डोकं ठणकत असे. तरी ती बिचारी गोळी घेई.

शेवटी भिकुबाईंनी धानोऱ्याच्या भावाला, हिलालला, मुलासाठी, धर्मेंद्रसाठी, दुसरी मुलगी बघायला सांगितलं. रविवारी पाहुणे येणार होते. शीलाला माहेरी धाडताना कुणी नाव ठेवू नये, म्हणून आधी डॉक्टरच्या तोंडून तिचा दोष वदवून घ्यायला त्या तिला शहाद्याला घेऊन गेल्या.

"शेवटची पाळी कधी आली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

शीलानं सासूकडं पाहिलं. भिकुबाई अभिमानानं म्हणाल्या, "तीन महिना व्हयनात, येऊच दिधी नही. पोऱ्याकरता वरत चालू शे ना!" आणि पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरबाई पाकिटाकडं बघतच राहिल्या. "किती वर्षं चाललंय हे?"

"चार."

"आजी, या गोळ्या अशा महिनोन्‌महिने घेतल्या तर बाईच्या पोटात बीज तयार होणंच थांबतं. मूल कुठून राहणार? बाकी तपासण्या हिच्या करू, तुमच्या मुलाच्याही करू. पण आधी हे बंद."

भिकुबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. मूल व्हावं म्हणून व्रत, व्रत मोडू नये म्हणून गोळी, आणि गोळीमुळंच मूल नाही! पाच बाळंतपणं झालेली ही बाई. चाळीस वर्षं महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसली, पण ते रक्त येतं कशासाठी हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. कुणाकुणावर रागवावं?

बाहेरच्या बाकावर त्यांनी कसंबसं विचारलं, "तुले बी माहीत नव्हतं?"

"नही, आत्या," शीला म्हणाली. "शाळामा सरनी तो धडा सोडी दिधा."

भिकुबाईंनी हिलालला फोन लावला. "पाव्हणासले सांग, येवू नका. खोट सूनमा नही. मीच गोळ्या दीसन सूननी पाळी बंद करेल शे." भावासमोर हा शब्द त्या जन्मात पहिल्यांदा बोलल्या. बाकावरचे चार पुरुष वळून बघायला लागले.

पलीकडून हिलाल हळूच म्हणाला, "भिकू, मन्ही काजलले बी तूच दिध्यात ना गोळ्या?"

काजल त्याची मुलगी. वर्षापूर्वी तळोद्याला दिलेली. आत्याच्याच सांगण्यावरून तिनं सोमवार धरले होते आणि पाकिटं आत्यानंच पाठवली होती. शेजारी बसलेल्या शीलालाही त्याचं बोलणं ऐकू आलं.

तिनं भिकुबाईंच्या हातातून फोन घेतला.

"मामा, काजलना नंबर द्या. मी बोलस तिन्हासंगे."