मैदानातला मका

फेलिस्मिना अकरा वर्षांची असताना तिने मैदान डोक्यावरून वाहून आणलं. एकटीने नाही अर्थात; विलारेन्योतल्या झाडून सगळ्या बायकापोरींनी. १९५२ सालची गोष्ट. गावच्या पोरांनी उनियांव नावाचा फुटबॉल क्लब काढला होता, हिरवे सदरे शिवून घेतले होते, फक्त खेळायला जागा नव्हती. पोर्तुगालच्या त्या उत्तरेकडच्या डोंगरी मुलखात सपाट जागा म्हणजे चर्चसमोरचं अंगण, आणि तिथे पाद्रीबुवा चेंडू टेकवू देत नसत. शेवटी डोंगरावरच्या मोठ्या घराचे मालक सेन्योर लेओपोल्दिनो यांनी ओढ्याकाठचा उताराचा तुकडा क्लबला दिला. दिला म्हणजे तोंडी. पोरांनी टोप्या काढल्या, मालकांनी मान हलवली, झालं काम.

मग दर रविवारी प्रार्थना आटोपली की पुरुष वरच्या अंगाला कुदळी चालवायचे आणि बायका रानातली काळी माती टोपल्यांनी ओढ्याकडच्या खोलगट भागात आणून टाकायच्या. नऊ महिने हे चाललं. तरी एक कोपरा हातभर खालीच राहिला. बाहेरगावचे संघ चिडवायचे, "तुमच्याकडे धावायला बूट पुरत नाहीत, काठी पण लागते." फेलिस्मिनाची आई कठड्यावरून ओरडायची, "काठी आहे आमच्याकडे, हवी तर खाली येऊन देते!"

एकविसाव्या वर्षी फेलिस्मिनाने बेल्मिरोशी लग्न केलं. तो पाथरवट होता आणि उनियांवचा कप्तान. पाय वाकडे, पण मैदानाच्या उजव्या बाजूने त्याला चुकवून पुढे गेलेला माणूस विरळाच. लग्नानंतर तिच्या वाट्याला नवऱ्याच्या कपड्यांबरोबर अख्ख्या संघाचे सदरे धुवायला आले. सार्वजनिक हौदावर ती ते आपटायची आणि शेजारणी विचारायच्या, "काय गं मिना, नवरे किती केलेस?"

पुढे आफ्रिकेतल्या वसाहतींत पोर्तुगालचं युद्ध सुरू झालं आणि लांबत गेलं. ज्यांच्या नावाने लष्कराचं बोलावणं आलं ते बोटीने अंगोलाला गेले. ज्यांना जायचं नव्हतं ते स्पेनची हद्द चोरून ओलांडून फ्रान्सला. १९६८ साली उनियांवने शेवटचा सामना नऊ जणांत खेळला. त्यानंतर महिन्याभरात बेल्मिरोही निघाला. जाताना त्याने एक लाकडी पेटी तिच्यापुढे ठेवली. आत सदरे, चेंडू, हवा भरायचा पंप आणि मैदानावरच्या खोलीची किल्ली.

"हे मला काय देतोस? आर्मिंदोला दे," ती म्हणाली. आर्मिंदो गोलरक्षक होता आणि संघात वयाने सगळ्यांत लहान.

"त्याला आफ्रिकेचं बोलावणं आलंय. आता क्लब म्हणजे तूच. सदऱ्यांना कसर लागू देऊ नकोस."

"आणि पोरांना काय लागू द्यायचं?"

बेल्मिरो हसला. तो हसला की तिचा राग जायचा, त्या दिवशी मात्र गेला नाही.

दोन वर्षं पत्रं आली, पत्रांबरोबर पैसेही. मग लियोंजवळ एका इमारतीच्या परांचीवरून तो पडला आणि आठ महिने खाटेला खिळला. इकडे घरात दोन लेकरं, सासू आणि वाट्याने केलेली वीतभर जमीन. त्या हिवाळ्यात सासूबाई सारातलं बटाट्याचं पाणी स्वतः प्यायच्या आणि बटाटा नातवंडांच्या ताटलीत सारायच्या. फेलिस्मिनाने ते दोनतीनदा पाहिलं, आणि मार्चमध्ये ती मैदानावर जाऊन उभी राहिली.

वरचा अर्धा भाग मुरमाड होता, त्यात काटेरी झुडपं माजली होती. खालच्या अर्ध्या भागात मात्र ती रानातली काळी माती होती. तिने चुलत्याची गायजोडी मागून आणली आणि खालच्या गोलपासून मधल्या रेघेपर्यंत नांगर घातला. मधल्या रेघेपुढे गेली नाही.

आर्मिंदोची आई कठड्यावर येऊन उभी राहिली. "लाज नाही वाटत? माझा पोरगा तिकडे मरणाच्या दारात आणि तू त्याच्या गोलात नांगर फिरवतेस?"

"तुझा पोरगा येऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी नांगर उचलते."

"येईलच तो!"

"येऊ देच गं बाई," फेलिस्मिना म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. पण गाईंना हाकत म्हणाली, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

मका चांगला आला. ऑक्टोबरात कणसं सोलून होतात न होतात तोच मोठ्या घराचा कारभारी काझिमिरो दारात हजर. "मालकांची जमीन, तेव्हा मालकांचा वाटा," त्याने सांगितलं. फेलिस्मिनाला ते रास्त वाटलं. तिने एक पोतं भरलं, डोक्यावर घेतलं आणि चढ चढून मोठ्या घरी गेली. मागून काझिमिरो मोकळ्या हातांनी.

सेन्योर लेओपोल्दिनो सज्जात सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. "हे काय?"

"ओढ्याकाठच्या तुकड्यातला मका, मालक. तुमचा वाटा."

ते कारभाऱ्याकडे वळले. "काझिमिरो, तो तुकडा कोणाचा?"

"आपलाच की मालक."

"माझा कसा? मी तो पोरांना दिला. दिलेली वस्तू परत मागणारा वाटलो का रे तुला मी? हिला वाटा द्यायचाच असेल तर क्लबला देईल. उचल ते पोतं आणि हिच्या घरी नेऊन टाक."

"मी, मालक?"

"तिने डोक्यावरून आणलं. तू खांद्यावरून ने."

काझिमिरोने ते पोतं गावभरच्या डोळ्यांदेखत खाली आणलं, तिच्या ओट्यावर आदळलं आणि पुढची पंचवीस वर्षं तिच्याशी शब्द बोलला नाही.

आणखी दोन वर्षं तिने मका लावला. मग कुठे बेल्मिरो धड कामावर परतला, पैसे येऊ लागले आणि तिने मैदान सोडून दिलं. १९७४ मध्ये देशातली हुकूमशाही राजवट उलथली, युद्ध संपलं, पुढच्या वर्षी आर्मिंदो परत आला. पेटी उघडली तेव्हा सदरे धड निघाले, कापराच्या वासाने मात्र सगळे शिंकले. आर्मिंदो क्लबचा अध्यक्ष झाला. खालचा भाग दाबून दाबून सपाट केला तरी पावसात जुन्या सऱ्या हलक्याशा वर यायच्या, चेंडू भलतीकडे वळायचा, आणि तो गोलमधून ओरडायचा, "ही बघा मिनाची सरी!" लोक हसायचे. ती पण हसायची, ओठांनी.

तिने कोणी न सांगता सदरे धुणं पुन्हा सुरू केलं आणि शनिवारी मैदानाच्या रेघांवर चुन्याची फक्की मारणंही अंगावर घेतलं. चुना बोटं खायचा म्हणून हातांत नवऱ्याचे जुने मोजे चढवायची. बेल्मिरो १९७८ साली लंगडत घरी आला, मैदानाच्या खोलीत त्याने छोटा बार चालवला आणि १९९१ मध्ये वारला. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी शनिवार होता. फेलिस्मिनाने फक्की मारली. आर्मिंदो कठड्यावरून पाहत होता. एरवी तो "रेघ वाकडी आहे" म्हणायचा आणि ती "मैदान वाकडं आहे, रेघ सरळच आहे" म्हणायची. त्या दिवशी रेघ संपेपर्यंत त्याने टोपी हातात धरली.

१९९६ साली सेन्योर लेओपोल्दिनोंची नातवंडं पोर्तोहून मोजणीदार घेऊन आली. आजोबा जाऊन पंधरा वर्षं उलटली होती आणि तुकडा कागदोपत्री अजून त्यांच्याच नावावर होता. तिथे अकरा घरं बांधायचं ठरलं होतं. क्लबने वकील केला. वकील म्हणाला, वीस वर्षांहून जास्त काळ जागा उघडपणे, स्वतःची म्हणून, अखंड वापरली असं दाखवता आलं तर कोर्ट ती क्लबला देईल. "अखंड" या शब्दावर आर्मिंदोचा चेहरा पडला.

सुनावणी जवळ आली तेव्हा तो तिच्या स्वयंपाकघरात आला. आफ्रिकेतून परतल्यापासून तेवीस वर्षांत पहिल्यांदा. टोपी हातात, नजर फरशीवर.

"मिना, साक्षीच्या दिवशी तू आजारी पड."

"कशाने?"

"कशानेही. गुडघ्याने."

"गुडघा खरंच दुखतो. पण साक्ष काय गुडघ्याने देतात?"

"ते मक्याचं विचारतील गं. मका होता म्हणजे मैदान नव्हतं. पुन्हा खेळायला लागलो त्या शहात्तरपासूनच धरलं तर दाव्यापर्यंत वीसला चारदोन महिने इकडे की तिकडे, त्यावर कीस पाडतील. वकील म्हणतो, मक्याचं नाव नको."

"मी नाव काढणार नाही. पण कोणी खोटं सांगितलं तर गप्प बसणार नाही."

"तुझ्यामुळे एकदा मैदान गेलंय," आर्मिंदो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण तिने पुढे केलेला मक्याचा पाव त्याने मुकाट्याने खाल्ला.

सुनावणी १९९८ च्या मे महिन्यात झाली. न्यायाधीश तरुण बाई होत्या. नातवंडांच्या वकिलाने काझिमिरोला उभं केलं. वय शहाऐंशी, एक कान बंद, पण कोट इस्त्रीचा. मका होता का? होता. किती वर्षं? तीन. मग वकील सफाईने म्हणाला, "म्हणजे त्या काळात क्लब अस्तित्वातच नव्हता आणि जमीन मोठ्या घराच्या शेतीखाली होती."

फेलिस्मिना मागच्या बाकावर उभी राहिली. "मोठ्या घराचा नाही. मका माझा होता."

क्लबच्या वकिलाने डोळे मिटले. आर्मिंदोने तिचा पदर धरावा तशी शालीची कड ओढली. न्यायाधीशबाईंनी आधी तिला खाली बसवलं, मग नाव विचारलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिची साक्ष घ्यायचं ठरवलं. त्या सुट्टीत क्लबचं एकही माणूस तिच्या बाकावर बसलं नाही. तिने रुमालात बांधून आणलेली अंडी एकटीनेच खाल्ली.

साक्षीत तिने सगळं सांगितलं. सासूबाईंचे बटाटे, गायजोडी, पोतं, सज्जा, मालकांचे शब्द.

"पोतं क्लबला द्यायला सांगितलं होतं ना?" समोरच्या वकिलाने विचारलं. "मग दिलंत?"

"नाही."

"मग काय केलंत?"

"खाल्लं."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी पेन्सिल आपटली.

"म्हणजे जमीन क्लबने वापरली नाही, तुम्ही वापरलीत. क्लब तर नव्हताच."

"नव्हता कसा? सदरे माझ्या पेटीत होते. दर उन्हाळ्यात मी ते वाळत घालत होते. किल्ली माझ्याकडे होती. कप्तान मला सोपवून गेला होता. बाकीचे कोणी आफ्रिकेत, कोणी फ्रान्सात. मग इथे क्लब म्हणजे कोण, साहेब? तुम्हीच सांगा."

वकिलाने कागद उलटला. तो म्हणाला, सज्जातल्या गोष्टीला या बाईंशिवाय साक्षीदार नाही.

"आहे की," फेलिस्मिना म्हणाली. "तो काय बसलाय."

काझिमिरोला पुन्हा बोलावलं. प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला. त्याने कोटाचं बटण लावलं. नातवंडं त्याच्याकडे पाहत होती. त्यांच्या आजोबांच्या घरात त्याने चव्वेचाळीस वर्षं काढली होती.

"ही बाई मला कधीच आवडली नाही," तो शेवटी म्हणाला. "पण ते पोतं मी माझ्या खांद्यावरून खाली आणलं. पंचेचाळीस किलो होतं. मालक म्हणाले, मी तो पोरांना दिला. म्हणाले म्हणजे म्हणालेच. मी काय करू?"

निकाल सप्टेंबरात लागला. मैदान उनियांवचं ठरलं. निकालपत्रात लिहिलं होतं की खुद्द मालकाने क्लबचा हक्क मानल्याचं सिद्ध झालं आहे, आणि मधल्या काळात क्लबच्याच माणसाने जागा राखली. "क्लबच्याच माणसाने" हे शब्द आर्मिंदोने बारमध्ये मोठ्याने वाचले, पुन्हा वाचले. मग तिच्यासमोर वाईनचा पेला ठेवून म्हणाला, "मिना, मी गाढव होतो."

"होतास?" ती म्हणाली.

ऑक्टोबरात तिला क्लबच्या समितीवर घेतलं. सेहेचाळीस वर्षांत समितीत बाई नव्हती. तिने पहिल्याच बैठकीत कपडे धुवायचं यंत्र मागितलं. आर्मिंदो म्हणाला, आधी कुंपणाची जाळी. ती म्हणाली, जाळीला हात दुखत नाहीत. मतदान झालं, चार विरुद्ध तीन. यंत्र नोव्हेंबरात आलं. कसं लावायचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, तेव्हा तिने नवे हिरवे सदरे आणि पांढऱ्या चड्ड्या एकदमच आत कोंबल्या आणि पाणी सगळ्यांत कढत ठेवलं. त्या मोसमात उनियांव फिकट हिरव्या चड्ड्यांत खेळला आणि सातवा आला.