पोळपाटाखालचा ठप्पा

काकांना जेवायला बोलावलं, की ताट वाढायच्या आधी ते उचलून उलटं करून बघत. मग पेला. मग बसायची खुर्ची. "कोणी केलंय ते खाली असतं बघ," असं म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आमच्या भांड्याकुंड्यांचं कुळगोत्र तपासायचे. माझ्या बायकोला सुरुवातीला वाटलं, ताट नीट घासलंय का ते बघतायत. काका पुण्याचे असल्यामुळे ही शंका अगदीच निराधार नव्हती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली. ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही मराठी माणसं तेव्हा मोजकीच होतो. काका आणि मी कोलंबसच्या एकाच कंपनीत यंत्रांची डिझाइनं करायचो. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि चार घरं सोडून राहणारे. तुम्ही परदेशात दिवस काढले असतील, तर असे एक काका तुम्हालाही भेटले असतील. बर्फासाठी टायर कुठले घ्यावेत इथपासून मुलीचं नाव काय ठेवावं इथपर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांना मत असतं, आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

तर या काकांनी एक दिवस बंदूक विकत आणली.

"अहो, मिक्सर घेताना मला चार दुकानं हिंडवलंत," काकू म्हणाल्या, "आणि बंदूक आणताना घरात एका शब्दानं विचारलं नाहीत?"

बंदूक म्हणजे जुनी लष्करी रायफल. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री-नॉट-थ्री. भारतातून मोडीत निघालेल्या अशा रायफली तेव्हा अमेरिकेतल्या दुकानांत नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. मला बंदुकीची भीती वाटते. तेव्हा वाटायची, आजही वाटते. नागपूरला कॉलेजात मी एन.सी.सी. पोटदुखीचं निमित्त काढून चुकवली होती. मी काकांना सरळ विचारलं, "तुम्हाला कशाला हवी ही भानगड?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील पुण्याजवळच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये सुतार होते. तुटक्या रायफलींना लाकडी दस्ते बसवायचं काम. तीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. निवृत्त झाले, आणि काका अमेरिकेला आल्यावर आठ महिन्यांत ते वारले. इथे तार पोचली तेव्हा तिकडे सगळं उरकलेलं होतं.

"मी गेलोच नाही रे," काका म्हणाले. "त्यांच्या हातचं काहीतरी एकदा हातात घ्यायचंय. बाकी काही नाही."

ती रायफल काळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसनं माखलेली होती. काकांनी ती खाली-वर, आत-बाहेर सगळीकडे बघितली. लोखंडावर आकडे होते, लाकडावर नुसतं काळं. तेवढ्यात खंडेनवमी आली. हत्यार घरात आहे आणि खंडेनवमीला ते मळकं ठेवायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. दोन दिवस गॅरेजमध्ये बसून त्यांनी पॉलिशपेपरनं दस्ता घासघासून काढला, वर खोबरेल तेल चोळलं, हळदकुंकू वाहिलं, अंगणातल्या झेंडूची माळ घातली. रायफल अशी चकाकत होती की मुंजीत मिरवावी.

तिला मिरवायला म्हणूनच काका जुन्या लष्करी रायफलींच्या एका संग्राहक क्लबात गेले. एकट्यानं जायला संकोच वाटत होता, म्हणून मला ओढलं. चर्चमागच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी हा क्लब भरायचा. लांबच लांब टेबलं, त्यांवर चालू नयेत म्हणून बोल्ट काढून ठेवलेल्या रायफली, कॉफी, डोनट आणि पंधरा-वीस अमेरिकन म्हातारे. प्रत्येकाचे हात पाठीमागे बांधलेले, कारण दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असा तिथला रिवाज. मला एकदम बरं वाटलं. आपल्याकडच्या लग्नांत आहेराच्या टेबलापाशी हा नियम लावला पाहिजे.

क्लबाचे अध्यक्ष म्हणजे जन्मभर मक्याची शेती केलेले, कानाला यंत्र लावलेले एक उंच गृहस्थ. काकांच्या रायफलीवर ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बाकीचे गोळा झाले.

"हे कोणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी," काका अभिमानानं म्हणाले. "आमच्याकडे हत्यारांची पूजा असते."

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी आपली एक कळकट रायफल आणली, दस्ता आडवा धरला आणि लाकडावरचे नखाएवढे ठसे दाखवले. ज्यानं ज्यानं या लाकडाला हात लावला, त्या प्रत्येक कारागिराचा ठप्पा. मळाखाली तो सहजी दिसत नाही, पण असतो. "म्हणून आम्ही पुसतो, घासत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सर, तुम्ही सह्या खोडल्यात."

घरी पोचल्यावर ड्राइव्ह-वेमध्ये मी इंजिन बंद केलं, तेव्हा काका म्हणाले, "अरे, त्यावर बाबांचा असला तर?"

जगातली सगळी ताटं उलटी करून बघणारा हा माणूस, आणि त्यानं हवी ती एकच गोष्ट स्वतःच्या हातानं मिटवली असेल. मला त्यांची फार दया आली, आणि बंदुकीचा रागही आला.

घरात जाऊन त्यांनी काकूंना झालेला प्रकार सांगितला. काकू पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "ठप्पा ना? मामंजींचा? तो या पोळपाटाखाली आहे की. रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी मारलान त्यांनी. दुसऱ्या दिवशी ठप्पा साहेबाकडे परत द्यायचा होता ना."

"आणि हे तू मला इतक्या वर्षांत..."

"कोणी विचारलं मला?"

काकांनी पीठ न झटकता पोळपाट उलटा केला. लहानशी चंद्रकोर आणि तिच्याखाली एकतीसचा आकडा. सासऱ्यांनी नव्या सुनेसाठी स्वतः केलेला पोळपाट. तो विकतचा आणि खालची ती खूण दुकानदाराची असावी असं समजून काका पंचवीस वर्षं त्यावरच्या पोळ्या खात होते.

मला वाटलं होतं, क्लबाचं नाव ते आता काढणार नाहीत. पण पुढच्या महिन्यात ते उशीच्या अभ्र्यात पोळपाट गुंडाळून माझ्या दारात उभे. त्या रविवारी रायफलींच्या रांगेत मधोमध पोळपाट ठेवून त्यांनी झालेली चूक आणि वडिलांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. मग अध्यक्षांनी खिशातून पातळ कागद काढला, ठप्प्यावर ठेवला आणि वरून पेन्सिल फिरवली. चंद्रकोर कागदावर उमटली. त्यांच्यामागे रांगच लागली. जो तो आपला कागद घेऊन आला, आणि उमटलेला ठसा घडी घालून पाकिटात, नातवंडांच्या फोटोंशेजारी ठेवून गेला.

क्लबात जाऊन काय मिळतं, असं मला पुढे बरेच जण विचारत. काकांना काय मिळालं ते मी सांगतो. लाकडाला खोबरेल नाही, जवसाचं तेल लावतात, हे ज्ञान मिळालं. क्लबाच्या कपाटातली मोठमोठी पुस्तकं वाचायला मिळाली, आणि ती वेळेवर परत करायची शिस्तही, जी पुण्यात मिळाली नव्हती. पण खरं म्हणजे एका माणसाला दोनच डोळे असतात. आता ओहायो, इंडियाना, केंटकी, जिथे जिथे जुन्या रायफलींचं प्रदर्शन भरेल तिथे चाळीस डोळे काकांच्या बाबांना शोधत होते. ऑफिसात वीस वर्षं कुणी त्यांना वडिलांचं नाव विचारलं नव्हतं. इथे सगळे 'एकतीस नंबर' म्हणून त्या वडिलांची चौकशी करायचे. "तुझे बाबा सापडले का?" हा त्या हॉलमधला नमस्कारच होऊन बसला.

दर महिन्याला कुणीतरी कागद आणायचं. चंद्रकोर असायची, आकडा वेगळा. आकडा असायचा, वर चंद्राऐवजी चांदणी. काका भिंगातून बघायचे. "हे नाहीत," म्हणायचे, "पण यांच्या शेजारी बसणारा असेल कोणीतरी." आणि तो कागदही जपून वहीत चिकटवायचे. त्या दोन वर्षांत मी त्यांना जितकं हसताना पाहिलं, तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका मार्च महिन्यात काका हार्ट अटॅकनं गेले. क्लबातले सगळे जण आले. कोट घालून, हात तसेच पाठीमागे बांधून, ओळीनं उभे राहिले.

सप्टेंबरात अध्यक्षांचा मला फोन आला. इंडियानातल्या एका प्रदर्शनात त्यांच्या एका सभासदाला एक रायफल मिळाली होती. "तुम्ही मॅडमना घेऊन या," ते म्हणाले. "आणि तो पोळ्यांचा बोर्डही."

काकू त्या हॉलमध्ये प्रथमच येत होत्या. साडीवर लांब कोट, पायात बूट. टेबलावर एकच रायफल होती, मळकी, कोणी न घासलेली. म्हाताऱ्यांनी मागे सरून वाट दिली. अध्यक्षांनी दस्त्याखाली दिवा धरला. चंद्रकोर. एकतीस. शेजारी पोळपाट उलटा ठेवला, पण तशी गरज नव्हती.

काकूंनी त्या लाकडावर हात ठेवला. सासऱ्यांना करतात तसा वाकून नमस्कार केला. "मामंजी, हे फार वाट बघत होते हो तुमची," म्हणाल्या. मी तिथे उघडउघड रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

अध्यक्षांनी नाक शिंकरलं, रायफल पोळपाटासह काकूंच्या पुढे सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, शोध संपला."

मी मराठीत सांगायला लागलो, तर काकूंनी मला हातानंच थांबवलं. त्यांना कळलं होतं.

"संपला कसा?" त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "तीस वर्षं नोकरी केली त्यांनी. एकच थोडी केली असेल?" आणि पर्समधून चष्मा काढून मेंबरशिपचा फॉर्म मागितला.