आईला उचलेल तेवढी पेटी

महाडातल्या त्या दुकानात बॅटरीच्या तीन पेट्या ओळीने जमिनीवर मांडल्या होत्या आणि बाबा खुर्चीत बसून मुलगी बघायला आल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक शेजारच्या मशीनला. ते मशीन आम्ही घरून रिक्षात घालून आणलं होतं, कारण बाबांचा हट्ट. पेटीवर मशीन चालवून दाखव, मग मी हो म्हणेन.

बाबांची फुप्फुसं पार गेली होती. आयुष्यभर शाळेत खडू आणि शाळा सुटल्यावर विडी, दुसरं काय होणार? घरी त्यांना ते ऑक्सिजनचं मशीन लागायचं. हवा आत ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडायचं. मशीन उत्तम, फक्त त्याला वीज लागायची, आणि त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून येई आणि वीज त्याच्याही आधी जाई. घरी वीज गेली की आम्ही दवाखान्यातून सिलिंडर आणायचो. पण तो बाबांच्या छातीला लागेल एवढा उंच, लोखंडी. जागचा हलवायचा म्हणजे दोन गडी हवेत. लहान सिलिंडर महाडात शोधून सापडला नाही.

पण हे सगळं घरासाठी नव्हतं. बाबांना शिमग्याला कुडपणला जायचं होतं.

आमचं मूळ घर वर कुडपणच्या पठारावर, वाडीच्या अगदी टोकाला. गावची पालखी शिमग्यात घरोघर फिरते. ज्या घराचं दार उघडं, दारात माणूस उभं आणि दिवा लावलेला, तिथे ती थांबते. घरचा माणूस खांदा देतो. कुलूप असलेल्या दारापुढे पालखी थांबत नाही, सरळ पुढे जाते. आदल्या वर्षी बाबा आजारी, भाऊ मुंबईत, मी माझ्या सासरी महाडातच अडकलेली. घर बंद राहिलं. चुलतभावाने नंतर येऊन सहज सांगितलं, “गुरुजी, यंदा पालखी तुमच्या दारासमोरून तशीच गेली.” बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. वर्षभर तोच काटा रुतून बसला होता. या वर्षी म्हणाले, “मेलो तरी चालेल, दार उघडणार.” डॉक्टर म्हणाले, मेलो वगैरे नको, नळी थोडा वेळ काढली तरी चालेल, पण चढायचं-चालायचं नाही आणि मशीन सोबत हवं. म्हणजे विजेची सोय सोबत हवी. म्हणून आम्ही त्या दुकानात.

दुकानदार बाबांचाच जुना विद्यार्थी. बरीच वर्षं आखातात वायरिंगची कामं करून परत आलेला, बाजारात त्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. पेट्या तो स्वतः जोडायचा. सगळ्यात मोठी म्हणजे ट्रकला शोभेल अशी ॲसिडची बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर. मधली जरा आवाक्यातली. आणि तिसरी, पत्र्याच्या पेटीत बंद बॅटरी, वर पकडायला दांडी.

“गुरुजी, मोठी घरासाठी घ्या,” तो म्हणाला. “दुपारभर चालेल. पण ती न्यायची वस्तू नाय. लहानीवर मात्र तासाभराच्या वर भरवसा धरू नका.”

बाबांनी लगेच परीक्षा घेतली. “मशीन किती वॅट ओढतं? बॅटरी किती? भाग बघू.”

आणि तो आखातातून आलेला, पोटाचा घेर वाढलेला माणूस, काउंटरमागे उभा राहून तोंडी भागाकार करायला लागला! चुकलाच. बाबा नाकातल्या नळीसकट खूश झाले.

इतक्यात मुंबईहून दादाचा फोन. त्याचं एकच पालुपद, “मोठीच घे, बॅकअप म्हणजे बॅकअप, टेन्शन नको.” मी म्हटलं, अरे, वर पाखाडी आहे, पायऱ्या आहेत, ती काय तू डोक्यावर नेणार? तर म्हणाला, गावात माणसं काय कमी आहेत? दादाचं हे नेहमीचं. मुंबईत बसून गावची माणसं मोजायची.

आमची ही वादावादी चालली असताना आई पुढे झाली. तिने किती तास, किती वॅट काहीच विचारलं नाही. आधी मोठीला हात लावला, जागची हलेना. मधली उचलली, दोन पावलांत खाली ठेवली. मग लहान पेटीची दांडी धरली, पदर खोचला आणि ती घेऊन दुकानाच्या दारापर्यंत चालत गेली, पायरी उतरली, पायरी चढली आणि परत आली.

“ही मला उचलते,” ती म्हणाली. “ही द्या.”

“काकी, तास फार कमी हाय पण,” दुकानदार काळजीने म्हणाला.

“भरलेल्या हंड्यापेक्षा जड नाय. माझ्या हातात असली की तासाचं मी बघीन.”

तेव्हा मला तिचा रागच आला. तास काय हाताने लांबवता येतो? पण आईने ठरवलं की ठरवलं. दादानेही ठरवलं की ठरवलं. शेवटी दोन्ही घेतल्या.

पालखीच्या दिवशी सकाळी जीप पोलादपूरहून घाटाला लागली. पुढे बाबा, मांडीशी मशीन, मागे मी, आई, आदल्या रात्री मुंबईहून आलेला दादा आणि दादाची ती बॅटरी. बाबांनी घाटात बसल्याजागी नळी काढून ठेवली, म्हणजे पेटी वरपर्यंत भरलेली राहील. वळणावळणावर बॅटरी सरकायची आणि दादा तिला बाळासारखा धरून बसायचा. कुडपणला पोचलो तर वीज नव्हतीच. ती सकाळीच गेलेली, कधी येईल ते कोणाला ठाऊक?

रस्ता देवळापाशी संपतो. तिथून आमच्या घरापर्यंत दगडी पायऱ्यांची पाखाडी. गावच्या चार भोयांनी, म्हणजे पालखी उचलणाऱ्याच पुरुषांनी, आधी बाबांना खुर्चीसकट उचललं. काय सांगू, पोटातलं पाणी हललं नाही! बाबा खुर्चीतून सगळ्यांना विचारत होते, तुझा धाकटा कितवीत, तुझा पाय कसा आहे. त्यांना घरात बसवून, आईच्या पेटीवर मशीन लावून ते भोई दादाच्या बॅटरीसाठी खाली आले. दादा आणि मी तिथेच थांबलो होतो. बांबूला दोरांनी बॅटरी बांधली, दोन पुढे दोन मागे, उचलली. दादा पुढे ओरडत, “सरळ धरा रे, ॲसिड हाय आत, कलंडू देऊ नका!”

“दादा, देव सांभाळतो आम्ही,” पुढचा म्हणाला. “तुझी बॅटरी काय!”

अर्धी पाखाडी छान गेली. आणि देवळापुढे खालूबाजा सुरू झाला. ढोल, टिमकी, सनई. पालखी निघायच्या आधीचं नुसतं वाजवणं होतं ते. पण या चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला जड काहीतरी लटकलेलं आणि कानात ढोल. लहानपणापासून खांद्यावर बांबू आणि कानात ढोल म्हणजे त्यांच्या पायांना एकच माहीत. पुढच्याने एक ठेका घेतला. मागच्याने दिला. मी डोळ्यांनी पाहिलं, बॅटरी नाचायला लागली!

“अरे, अरे, अरे!” दादा ओरडला. तोवर झोका गेला, टोपणं उडाली आणि ॲसिड पायऱ्यांवर सांडलं. एकाच्या धोतराला भोकं पडली, त्याने धोतर तिथेच फेडलं, बायका तोंडाला पदर लावून पळाल्या. कोणी राख आणली, कोणी घागरभर पाणी ओतलं. कोणाला भाजलं नाही, हे देवीचंच देणं. भोई शरमून उभे होते. पुढचा म्हणाला, “दादा, आईशप्पत, पायांनीच केलं. आम्ही नाय.” दादा चिडून लाल झाला होता, आणि हे ऐकून त्याला हसू आवरेना. मीही पायरीवर बसून हसले. हसता हसता ध्यानात आलं, मोठी बॅटरी गेली होती. आता उरली होती ती एक तासाची पेटी, आणि आमच्या घराचा मान शेवटचा.

गावातल्या वडीलधाऱ्यांना कळलं. ते घरी आले, म्हणाले, गुरुजी, यंदा पालखी आधी तुमच्याकडे वळवू. बाबांनी हात जोडले. “माझ्यासाठी क्रम मोडायचा नाही. खालच्या वाडीतली म्हातारी माणसंही दारात उभी आहेत.” धाप लागली होती तरी आवाज शाळेतलाच.

मी चिडले. मी म्हटलं, बाबा, आत्ताच्या आत्ता खाली जायचं, पोलादपूरला वीज असेल. दार उघडलंत, दिवा लावलात, झालं की! आई म्हणाली, “गप बस गो जरा.” आणि तिने मशीनचं बटण बंद केलं.

त्यानंतरची ती दुपार मी विसरणार नाही. आईने बाबांना दारातच उंबऱ्याशी खुर्चीत बसवलं, पुढे पाटावर उशी ठेवली, त्यांना तिच्यावर ओणवं टेकून बसायला लावलं. तसं बसलं की श्वासाला सोपं जातं, हे तिनेच घरी शोधून काढलेलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांची बोटं हातात धरून नखांकडे बघायची, ओठांकडे बघायची. जरा निळसर झाले की बटण सुरू. रंग आला की बंद. बाबा काही सांगायला लागले की म्हणायची, “बोलायचं नाय. एकेक शब्द वाचवा.” मध्येच ती त्यांच्या पाठीवरून वरून खाली हात फिरवत त्यांच्या श्वासाबरोबर स्वतः श्वास घ्यायची. नाकातून आत, ओठांचा चंबू करून बाहेर. बाबा तिचं बघून तसंच करायचे. कुठलीही नर्स अशी बसली नसती. दादा दारातून हे बघत होता. मी आईकडे बघितलं आणि दुकानातला माझा राग कुठल्या कुठे गेला. हिने पेटी निवडली तेव्हाच हिला माहीत होतं की हिला काय करायचंय.

ढोल एकेक घर करत वर येत राहिला. एका दारापाशी थांबायचा, पुन्हा निघायचा. कुठे तरी कोणीतरी नवस फेडत होतं, तिथे फारच वेळ गेला, आणि मला त्या नवसाला शिव्या घालाव्याशा वाटल्या. पेटीवरचा हिरवा दिवा जाऊन लाल आला. आईने बटण बंद केलं आणि त्यावरचा हात काढून घेतला.

आणि मग पालखी आमच्या अंगणात आली.

बाबा उठले. दादा धरायला धावला, त्यांनी त्याला बाजूला केलं आणि नाकातली नळी स्वतः काढली. आईने ती हातात घेतली. भोयांनी पालखी खाली आणली, बांबू बाबांच्या खांद्याला लागेल एवढीच. भार सगळा त्यांनीच पेलला होता. ढोलवाल्याने गुरुजींकडे बघितलं आणि टिपरू थांबवलं. बाजा बंद. भोई खांबासारखे उभे. सगळ्यांनी आपापसात काही न बोलता ठरवलं होतं की गुरुजींच्या खांद्यावर पालखी नाचवायची नाही.

बाबांनी मान वर केली. श्वास पुरत नव्हता, तरी एवढंच म्हणाले, “वाजव रे!”

ढोलवाल्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “वाजव.”

ढोल वाजला. बाबांच्या खांद्यावर पालखी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे नाचली. बाबांचे पाय जागचे हलले नाहीत, नुसत्या टाचा उचलल्या जात होत्या. त्यांच्या तोंडावरचं समाधान मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. अंगणातल्या बायका रडत होत्या, मी रडत होते, आणि आई बाबांच्या ओठांकडे बघत उभी होती. तिने ओळखलं आणि हात वर केला. ढोल थांबला, बाबांना बसवलं, नळी नाकात, बटण सुरू. लाल दिव्यावरही तिने राखून ठेवलेलं थोडं उरलं होतं. भोयांनी त्यांना खुर्चीसकट झटकन खाली नेलं. दादा मशीन घेऊन निघाला आणि आई पेटी घेऊन, कोणी हात पुढे केला तरी न देता, त्यांच्या बरोबरीने पाखाडी उतरली.

जीप घाट उतरायला लागली. आई यावेळी बाबांच्या शेजारी बसली, पेटी मांडीवर, उरलेलं मोजून मोजून वापरत. बाबांचे डोळे मिटलेले. बऱ्याच वळणांनंतर त्यांनी तिचा हात चाचपडला.

“दमलीस ना गो?”

त्यांच्या सगळ्या संसारात हा प्रश्न त्यांनी तिला विचारलेला मी ऐकला नव्हता. शाळा, विद्यार्थी, गाव, सगळ्यांची चौकशी करायचे, पण हिची कधी नाही.

“बोलू नका,” आई म्हणाली. “श्वास घ्या.” आणि बाहेर बघायला लागली. दिवसभर कोरडे राहिलेले तिचे डोळे पोलादपूर येईपर्यंत वाहत होते. पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.