तीन नंबरच्या खाटेचा ताप

माझी आत्या सव्वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होती. घरात आम्ही तिला ‘शंकेश्वरी’ म्हणायचो. दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हणून शपथ घेतली, तरी ती आधी वास घेणार. या खोडीचं मोल मला एका खाटेमुळे कळलं.

न्यूमोनियातून उठलेली पाच वर्षांची मुलगी भिंतीलगतच्या तीन नंबरच्या खाटेवर होती. घरी जायचं ठरलेलं. पण रोज अकराच्या फेरीला कपाळासमोर धरायचा बंदुकीसारखा थर्मामीटर एकशे दोन दाखवायचा आणि दुपारी ताप गायब! चौथ्या दिवशी तरुण डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढायला सांगितलं. सुईचं नाव ऐकताच मुलीने भोकाड पसरलं.

“डॉक्टर, दहा मिनिटं द्या,” आत्या म्हणाली. “हिचं अंग माझ्या हाताला गार लागतंय.”

तिने काखेत साधा थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव. कपाळाचा दुसरा, कोरा आणला, तरी एकशे दोन. मग त्याच खाटेवर बसून तिने तो स्वतःच्या कपाळासमोर धरला. एकशे दोन!

“आता तुम्ही वाका.”

डॉक्टरांनाही तेवढाच ताप. भिंतीपासून लांबच्या खाटेशी मात्र दोघांनाही अठ्ठ्याण्णव. मुलगी रडता रडता खुदकन हसली.

“भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं,” डॉक्टर म्हणाले, “ताप असतो हे नवीनच!”

आत्या तोवर भिंतीपलीकडे पोचलीही होती. पाठदुखीवाल्यांना रेडिओलहरींनी शेक देणारं विजेचं यंत्र तिथे अकरा ते बारा चालायचं. रंगकामासाठी आठवड्यापूर्वीच ते या भिंतीशी सरकवलेलं. तिने ते बंद करायला लावलं, आकडा अठ्ठ्याण्णव. चालू केलं, एकशे दोन. तीनदा करून पाहिलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. थर्मामीटरच्या खोक्यातून कुणी न काढलेल्या माहितीपुस्तिकेत तर लिहिलंच होतं: रेडिओलहरी सोडणारं यंत्र जवळ असेल तर आकडा चुकू शकतो, मोबाइलसुद्धा हातभर लांब ठेवा.

मुलीची आई घाबरली. “सिस्टर, या बंदुकीतून माझ्या लेकीच्या डोक्यात काही गेलं का हो?”

“नाही ताई. हा काही सोडत नाही. अंगातून येणारी ऊब तेवढी टिपतो.”

“आणि भिंतीपलीकडचं?”

“ते मला माहीत नाही. विचारून सांगते.”

दुसरं कुणी असतं तर ‘काही होत नाही’ म्हणून मोकळं झालं असतं. हिने त्याच दुपारी तंत्रज्ञाला बोलावून खाटेपाशी लहरी मोजायला लावल्या. माणसासाठीच्या मर्यादेपेक्षा त्या कितीतरी कमी निघाल्या; नाजूक थर्मामीटरला मात्र तेवढ्याही सोसल्या नव्हत्या. तो कागद आत्याने आईला वाचून दाखवला आणि यंत्र पलीकडच्या कोपऱ्यात हलवून घेतलं.

मुलगी संध्याकाळी सुईविना घरी गेली. मेट्रनने सगळ्यांसमोर आत्याचं कौतुक केलं, पण ते पुरतं ऐकायला ती थांबली नाही. सात नंबरच्या बाळाला वाफ द्यायची राहिली होती.